उपदेश नको, काम द्या
किशोरवयीन मुलामुलींच्या मनासाठी विहारात आणि घरी करता येतील असे आठ उपक्रम

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने, आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वडीलधारी मंडळी पुढे बसतात, महिला मंडळ सतरंज्या अंथरते आणि आठवी ते बारावीची मुले मागे भिंतीला टेकून, मोबाईल मांडीखाली लपवून बसलेली असतात. या मुलांसाठी वेगळे काही करावे म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी विहार समितीकडून रविवारचा एक तास मागून घेतला. आमच्यात एक परिचारिका, एक अंगणवाडी सेविका, एक शिक्षिका आणि एक बचत गटाची अध्यक्ष. मानसोपचाराची पदवी आमच्यापैकी कोणाकडेही नाही. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे तो उपचार नव्हे. तापात डोक्यावर ओली पट्टी ठेवतो, जखम धुऊन बांधतो, तशी ही मनाची घरगुती काळजी आहे. डॉक्टरकडे कधी न्यायचे, तेही शेवटी सांगितले आहे.

पहिल्याच वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

मुले चुळबुळ करतात म्हणून आम्ही त्यांना आल्याबरोबर डोळे मिटायला लावायचो. श्वासाकडे लक्ष द्या, मन शांत करा. दोन रविवार छान गेले. सभागृह शांत झाले, समितीने कौतुकही केले. तिसऱ्या रविवारी नववीतला एक मुलगा मध्येच उठला आणि म्हणाला, “मले शांत नाही व्हायचं, ताई. मले सांगायचं आहे.” आणि तो बाहेर निघून गेला.

आम्ही त्याच्या मागे पायऱ्यांवर जाऊन बसलो. बराच वेळ तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. मग बोलला. शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. शिक्षकांनी वर्गात एकेकाचे नाव मोठ्याने वाचून उभे केले. मागून कोणीतरी “फुकटे” म्हटले. वर्ग हसला. शिक्षकही हसले. त्या दिवशी घरी येऊन त्याने जेवणाचे ताट भिरकावले आणि वडिलांचा मार खाल्ला. का भिरकावले, हे कोणी विचारले नाही. चार दिवस तो हे एकटा वागवत होता, आणि आम्ही त्याला म्हणत होतो, डोळे मीट.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली. मुलाला शांत करणे वेगळे आणि गप्प करणे वेगळे. तेव्हापासून प्रत्येक उपक्रमाला आम्ही एकच प्रश्न विचारतो : याने मुलाला बोलण्याचे बळ येईल, की मोठ्यांना त्रास नको म्हणून ते गप्प बसेल?

किसा गोतमीला काय दिले?

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथातही ती आहे. तिचे मूल गेले. ते कडेवर घेऊन ती औषध मागत दारोदार फिरत होती. लोक तिला वेडी म्हणत होते. ती तथागतांकडे आली तेव्हा तथागतांनी तिला हसण्यावारी नेले नाही. रडू नको असेही म्हटले नाही. अनित्यतेचे प्रवचनही आधी दिले नाही. तिला एक काम दिले : ज्या घरात कधी कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरी घेऊन ये.

परिचारिकेच्या नजरेने ही कथा पाहिली की त्यातली उपचाराची पद्धत दिसते. दुःखाने थिजलेल्या बाईचे पाय चालू लागले. ती घराघरांत गेली, लोकांशी बोलली. प्रत्येक घराने तिला आपापले दुःख सांगितले. मोहरी मिळाली नाही, पण आपण एकट्या नाही हे तिला कळले. जे ऐकून पटले नसते ते करून पटले.

किशोरवयीन मुलांचेही असेच आहे. “टेन्शन घेऊ नको”, “अभ्यासात लक्ष दे”, “आमच्या वेळी तर खायला नव्हते” हे सगळे त्यांनी हजारदा ऐकलेले असते. त्यांना हाताला, पायाला, जिभेला काम हवे असते. पुढचे सगळे उपक्रम याच विचारावर उभे आहेत.

या वयात नेमके काय होते?

१० ते १९ वर्षे हे किशोरवय मानले जाते. या काळात शरीरात संप्रेरके बदलतात हे आपल्याला ठाऊक आहे. मेंदूतही मोठी उलथापालथ चालू असते, ते मात्र फारसे ठाऊक नसते. भीती, राग, आकर्षण यांना झटकन प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो. थांबून विचार करणारा, परिणाम तोलणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे गाडीचे इंजिन तयार झाले आहे, ब्रेक अजून बसवणे चालू आहे. त्यामुळे मूल आधी ओरडते आणि मग त्यालाच वाईट वाटते. याला उद्धटपणा म्हणून मोकळे होऊ नये.

झोपेचेही तसेच. या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि झोप येण्याची नैसर्गिक वेळ रात्री उशिराकडे सरकते. त्यात मोबाईल, त्यात एका खोलीचे घर, त्यात सकाळची शाळा. झोप तुटली की चिडचिड वाढते. कित्येकदा औषधाआधी झोपेचीच चौकशी करावी लागते.

आणि मनाचे दुखणे मुले मन म्हणून सांगत नाहीत. वॉर्डात काम करताना आम्ही पाहिले आहे, परीक्षेच्या दिवसांत पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, हातपाय गार पडणे अशा तक्रारी घेऊन मुली येतात. तपासण्यांत काही निघत नाही आणि “नाटक करते” असा शिक्का बसतो. ते नाटक नसते. दुखणे खरे असते, त्याचे मूळ फक्त पोटात नसते. मुलांमध्ये हेच दुखणे मारामारी, खर्रा, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणे अशा रूपात दिसते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील दर १०० मुलांपैकी सुमारे ७ जणांना मानसिक आजार असल्याचे आढळले. चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले. आपल्या विहाराच्या मागच्या भिंतीशीही त्यांच्यापैकी कोणी बसलेले असू शकते.

आठ उपक्रम

गट १० ते १५ मुलांचा ठेवा. सगळे गोल बसा, ताई-दादाही खालीच बसतील. सुरुवातीला तीन नियम मुलांकडूनच वदवून घ्या : इथले बोलणे बाहेर सांगायचे नाही, कोणाला हसायचे नाही, बोलायचे नसेल तर “पुढे” म्हणायची मुभा आहे. मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा : कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर ते गुपित आम्ही ठेवणार नाही, मदत आणू.

१. भावनांची पाटी. मुलांना कसे वाटते विचारले तर दोनच उत्तरे येतात : “ठीक” आणि “बोअर”. म्हणून आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहिला. राग, चीड, अपमान, हेवा, धास्ती, हुरहुर, हिरमोड, घुसमट, लाज, ओशाळणे, एकटेपणा, कौतुक, सुटका, उमेद. पत्रिका मध्ये पसरायच्या. प्रत्येकाने आजची एक उचलायची आणि ती कधी वाटली हे एका वाक्यात सांगायचे. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. ‘हिरमोड’ आणि ‘अपमान’ यांतला फरक कळला की पुढचे पाऊल कळते. हिरमोड झाला तर पुन्हा प्रयत्न करायचा असतो, अपमान झाला तर कोणाला तरी सांगायचे असते. भावनेला नेमका शब्द दिला की तिची धार थोडी कमी होते, हे मेंदूच्या अभ्यासातूनही दिसले आहे.

२. आधी अंग, मग मन. राग आला की हृदय जोरात चालते, स्नायू ताठ होतात, शरीर धावायला किंवा भिडायला तयार होते. अशा वेळी डोळे मिटून बस म्हणणे म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणे. आधी अंगातला ताण बाहेर निघू द्या. आमच्या विहारात १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे लेझीम वर्षभर कपाटात पडून असायचे. आता दर रविवारी पंधरा मिनिटे लेझीम चालते. मुलीही खेळतात. घरी जागा नसेल तर दुसरा प्रकार करा : मुठी घट्ट आवळा, पाचपर्यंत मोजा, सोडा. मग खांदे कानांपर्यंत उचला, पाचपर्यंत मोजा, सोडा. मग चेहरा, पोट, पाय. ताठपणा आणि सैलपणा यांतला फरक शरीराला कळतो. झोपण्यापूर्वी हे केल्याने झोपही लवकर लागते.

३. श्वास. आता आनापानसतीची वेळ. श्वास जोराने ओढायचा नाही. नाकाशी येणारा-जाणारा वारा फक्त पाहायचा. मन पळाले की स्वतःला न रागावता परत आणायचे. सुरुवातीला तीन मिनिटे पुरेत. परीक्षेची धास्ती असेल तर मोजून श्वास घ्या : चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, असे दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणे लांब ठेवायचे.

इथे दोन सूचना. काही मुलांना डोळे मिटले की जास्त भीती वाटते, विशेषतः ज्यांनी मारहाण किंवा अत्याचार सोसला आहे त्यांना. त्यांच्यावर सक्ती करू नका. त्यांनी डोळे उघडे ठेवावे, पाय जमिनीवर टेकवावे आणि मनात मोजावे : दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. भरकटलेले मन इथे, आत्ता, या जागेवर येते. दुसरी सूचना मैत्री भावनेबद्दल. ती स्वतःपासून सुरू करा, मग आई, मित्र, वस्ती. ज्याने कालच अपमान केला त्याचे भले चिंतायला मुलाला लगेच लावू नका. तो दिवस त्याचा त्याला येऊ द्या.

४. कोणी न वाचायची वही. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनात सलणारी गोष्ट लिहायची. अक्षर, शुद्धलेखन, परिच्छेद यांची चिंता नाही. लिहून झाल्यावर हवे तर फाडून टाकायचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात अशा लेखनाचा अभ्यास केला. लिहिल्यावर लगेच थोडे उदास वाटू शकते, पुढे मात्र अनेकांना हलके वाटते. त्यामुळे झोपायच्या आधी लिहू नये, संध्याकाळी लिहावे आणि मग चार माणसांत जावे. खूप रडू येऊ लागले, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला, तर लिहिणे थांबवून कोणाशी तरी बोलावे.

पालकांना हात जोडून विनंती : ती वही वाचू नका. आमच्या गटातल्या एका मुलीची वही घरात वाचली गेली आणि तिने वर्षभर एक ओळ लिहिली नाही. ज्याला लिहिता येत नाही किंवा आवडत नाही त्याने चित्र काढावे, मोबाईलमध्ये बोलून ठेवून नंतर पुसून टाकावे.

५. मोहरीची फेरी. हे नाव मुलांनीच दिले. दोघांच्या जोड्या करायच्या. एकाने तीन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने फक्त ऐकायचे. मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, “माझं तर याहून वाईट” म्हणायचे नाही. मग अदलाबदल. शेवटी ऐकणाऱ्याने एकच वाक्य म्हणायचे : “तू सांगितलेले मी असे ऐकले…” पहिल्यांदा मुले खिदळतात. चौथ्या-पाचव्या रविवारी खोलीत वेगळीच शांतता येते. बारावीतल्या एका मुलाने आम्हाला सांगितले, “ताई, पूर्ण तीन मिनिटं माझं कोणी पहिल्यांदाच ऐकलं.” हा उपक्रम पालकांनी घरी रोज एकदा करावा. स्वयंपाक करता करता नव्हे, मोबाईल बाजूला ठेवून.

६. वस्तीचा नकाशा. मोठ्या कागदावर मुलांनी आपली वस्ती काढायची. घर, शाळा, शिकवणी, नळ, मैदान, विहार. जिथे बरे वाटते तिथे हिरवा ठिपका, जिथे भीती वाटते तिथे लाल. आमच्या गटात शिकवणीच्या रस्त्यावरच्या एकाच वळणावर सात मुलींचे सात लाल ठिपके पडले. तिथे दारूचे दुकान होते आणि खांबावरचा दिवा बंद होता. त्यांतल्या दोघींनी “अभ्यासात मन लागत नाही” म्हणून शिकवणी सोडली होती. मनाचे म्हणून जे दिसत होते त्याचा अर्धा भाग त्या बंद दिव्यात होता. मुलींनीच अर्ज लिहिला, महिला मंडळाने पाठपुरावा केला, दिवा लागला. आता मुली गटाने जातात. दुकान तिथेच आहे.

७. रोजचे एक छोटे काम. जे मूल खोलीबाहेर येत नाही, आवडीचे खेळ सोडून बसले आहे, त्याला “उठ, काहीतरी कर” म्हणून ते उठत नाही. उदास मनाला आधी इच्छा होत नाही, आधी करावे लागते, इच्छा मागून येते. म्हणून काम इतके छोटे ठरवा की नाही म्हणता येणार नाही. अंघोळ. कुंडीला पाणी. दुकानातून मीठ आणणे. विहारातल्या एका शेल्फवरची पुस्तके पुसणे. केले की कॅलेंडरवर एक रेघ. आठवड्यात तीन रेघा झाल्या तरी पुरे. चुकलेल्या दिवसांवर बोट ठेवायचे नाही.

८. उत्तराची तालीम. आंबेडकरी जलसा हा आपला वारसा आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाण्या-संवादांतून गावोगाव लोकांना बोलते केले. तीच रीत इथे वापरतो. मुले आपल्यावर आलेला प्रसंग बसवतात. वर्गात टोमणा मारला, आडनावावरून जात विचारली, “तुमचं काय, तुम्हाला सवलत आहे” म्हटले. एकजण टोमणा मारतो, दुसरा उत्तर देतो. मग “थांबा” म्हणून बाकीचे वेगळे उत्तर सुचवतात. पुन्हा करून पाहतात. काही उत्तरे हसवतात, काही भांडण वाढवतात, काही नेमकी बसतात. कधी सर्वांत चांगले उत्तर म्हणजे तिथून निघून येऊन त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगणे, हेही मुलांनीच शोधून काढले. तालीम झालेली असली की प्रत्यक्ष प्रसंगी जीभ टाळूला चिकटत नाही.

सगळे मुलाच्याच मनात नसते

त्या नववीतल्या मुलाला आम्ही वर्षभर श्वास शिकवला असता आणि शाळेत दरवर्षी यादी तशीच वाचली गेली असती, तर त्या श्वासाला काय अर्थ होता? म्हणून त्याला विचारून, त्याचे नाव न घेता, पाच पालक आणि आम्ही लेखी अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. “आमच्या मनात तसं काही नव्हतं,” असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, नसेल, पण मुलांच्या मनात बसले आहे. पुढच्या वर्षापासून अर्ज कार्यालयात घेतले जातात. नावे वर्गात वाचली जात नाहीत.

जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला, तेव्हा शिक्षणसंस्थांतील जातिभेद आणि विद्यार्थ्यांचे मन हा विषय देशभर बोलला गेला. पण हा भेदभाव विद्यापीठात पोहोचल्यावर सुरू होत नाही. तो पाचवी-सहावीच्या बाकावर, डब्याच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या यादीत सुरू होतो. अपमान झाल्यावर राग येणे हा आजार नाही. ते मन जागे असल्याचे लक्षण आहे. आपण मुलाला रागाचे काय करायचे ते शिकवायचे, आणि मोठ्यांनी आपल्या वाट्याचे भांडण त्याच्यावर न टाकता स्वतः भांडायचे. हे दोन्ही झाले तरच उपक्रमांचा उपयोग.

आणि आपल्या घरातही पाहावे. मुलगी रडली तर चालते, मुलगा रडला तर “बाईसारखा रडतो” म्हणतो. मुलगा चिडला तर चालते, मुलगी चिडली तर “सासरी कशी नांदशील” म्हणतो. समता विहारात शिकवून घरात ही वाटणी चालू ठेवली, तर मुलांना आपले खोटे लगेच कळते.

डॉक्टरकडे कधी न्यायचे?

पुढीलपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर वाट पाहू नका : सतत उदासी किंवा चिडचिड, झोप-भूक बिघडणे, शाळेत जाणे बंद, मित्रांशी बोलणे बंद, स्वतःला चिमटे-ओरखडे-जखमा करणे, नशा वाढणे. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे आपल्या वाईटावर आहेत असे वाटणे, हे दिसले तर त्याच आठवड्यात न्या.

आणि “मी नसतो तर बरं झालं असतं” असे मूल म्हणाले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, निरोपासारखे बोलू लागले, तर त्याच दिवशी. अशा वेळी सरळ विचारा : “तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट मुलाला सुटल्यासारखे वाटते, कारण कोणीतरी ओळखले. हो म्हणाले तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटे सोडू नका. घरातली औषधे, फवारणीची औषधे, धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि मदत बोलवा.

मदत कुठे मिळते तेही लिहून ठेवा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. १८ वर्षांखालील मूल संकटात असेल तर चाइल्डलाइन १०९८. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी समुपदेशन केंद्रे आहेत, आपल्याकडे ती ‘मैत्री’ क्लिनिक म्हणून ओळखली जातात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. नागपूर, ठाणे, पुणे आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा आपला हक्क आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीकडेही हा कायदा तीव्र तणावाखालील व्यक्ती म्हणून पाहतो, तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी ठरवतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या त्यांनी सांगितल्याप्रमाणेच घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नका. आणि बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपारा, गंडादोरा, बुवा-मांत्रिक यांच्याकडे मुलाला नेऊ नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले मूल मांत्रिकापुढे बसलेले आम्ही पाहिले आहे. त्यात गेलेले चार महिने त्या मुलीला परत मिळाले नाहीत.

एक तास

या सगळ्याला लागते काय? एक सतरंजी, जुन्या पत्रिका, कपाटातले लेझीम, आठवड्यातला एक तास आणि ऐकण्याची तयारी असलेली दोन माणसे. प्रत्येक विहार समितीने यंदाच्या वर्षावासात हा तास मुलांना द्यावा, अशी आमची विनंती आहे. बाबासाहेबांनी धम्म सांगताना मनाला केंद्रस्थानी ठेवले. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले-पुसले. आपल्या मुलांच्या मनाची शुश्रूषा हेही धम्माचेच काम आहे.

तो नववीतला मुलगा आता अकरावीत आहे. त्याचा राग गेलेला नाही. महिन्यातून एकदा तो समुपदेशकाकडे जातो, आणि वडीलही दोनदा त्याच्याबरोबर जाऊन आले. रविवारी तो पंधरा मिनिटे आधी येतो, सतरंज्या अंथरतो, पत्रिका मांडतो. मागच्या रविवारी सातवीतला एक नवा मुलगा काही न बोलता भिंतीशी बसून होता. आम्ही त्याच्याकडे जायला उठलो, तर याने हातानेच आम्हाला थांबवले. स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसला. बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत. मग याने विचारले, “सांगायचं आहे काय काही?”

जयभीम. नमो बुद्धाय.